'क्रेझी'चं वेड

आज दुपारभर एकच गाणं, 'क्रेझी'. लिहिलं अमेरिकी गायक विली नेल्सनने, पण झालं गायिका पॅट्सी क्लाइनचं. १९६१च्या जूनमध्ये तिला मोटारीचा भीषण अपघात झाला. ऑगस्टमध्ये नॅशव्हिलच्या स्टुडिओत उभी राहिली तर बरगड्या दुखताहेत, वरचे सूर लागेनात. मग वाद्यं आधी टेप केली, आवाज नंतर चढवला. ऐकताना कळतं का कुठे? छे! फ्लॉइड क्रेमरचा पियानो मागे बेताने वाजतो आणि ती पहिलाच शब्द असा खाली ओघळवते की बस्स.

विलीचं स्वतःचं १९६२चं ऐका. तालाच्या मागे रेंगाळत, जवळजवळ बोलल्यासारखं. लिंडा रॉनस्टॅटचं १९७६चं गोड आहे, पण जरा जास्तच नीटनेटकं.

नवरा विलीच्या पार्टीत. आमची जुंपलीये. तुम्ही कोणाकडून?