पडलास की पाडलं?

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि मला सगळ्यांत आधी आठवला तो लाकडी जिना. स्नेहसंमेलनं, सामने, निकाल यांवर इतर जण लिहितीलच. मी फक्त इंग्रजीच्या सरांविषयी लिहिणार आहे. त्यांचं नाव सांगायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की तेच.

आठवीत असताना मधली सुटी संपता संपता मी त्या जिन्यावरून गडगडत खाली आलो. गुडघा फुटला. सर खालीच उभे होते. त्यांनी आपला रुमाल ओला करून गुडघ्याला बांधला आणि हळूच विचारलं, "पडलास की पाडलं?" मी म्हणालो, "पडलो." त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. पहिली ओळ फॉल, फेल, फॉलन. दुसरी फेल, फेल्ड, फेल्ड. पहिली सगळ्यांना पाठ होती, दुसरी कुणालाच ठाऊक नव्हती. झाड आपणहून पडलं तर फॉल, कुऱ्हाडीने पाडलं तर फेल. मराठीत 'पड'चं 'पाड' होतं, 'मर'चं 'मार' होतं. तसाच इंग्रजीतही आतला स्वर बदलतो आणि करणारा कुणी दुसराच आहे हे कळतं. सिट आणि सेट ही तशीच जोडी. सगळा तास त्यांनी यावर घेतला आणि त्या तासात एकदाही ना माझ्याकडे पाहिलं, ना तिसऱ्या बाकाकडे. तिसऱ्या बाकावरचा माझा मित्र हे वाचेल, म्हणून नाव लिहीत नाही. त्या संध्याकाळी माझं दप्तर त्यानेच घरापर्यंत आणून दिलं होतं.

तिथून पुढे जवळजवळ महिनाभर आमचा वर्ग खालीच येत होता. पाय घसरला तर स्लिप. पाय कशात अडकला तर ट्रिप. तोल गेला, पण अजून सावरता येईल, तर स्टम्बल. उभी वस्तू वरून कलंडली तर टॉपल, आणि मी जिन्यावरून आलो होतो तसं कोलांट्या खात आलं तर टम्बल. सर म्हणायचे, शब्दकोशात हे सगळे शेजारी शेजारी बसतात, पण पडणाऱ्याला विचारा, प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. ड्रॉप हा मुळात थेंब. म्हणून त्यात एकदम सुटणं आहे. सिंक होण्याला पाणी हवं, चिखल हवा, निदान मऊ खुर्ची तरी हवी. बुडणारी वस्तू कशात तरी आत आत जाते. आधार गेला की आतल्या आत बसतं ते कोलॅप्स. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच सगळं मिळून घसरणं. छप्पर कोलॅप्स होतं, पेन्सिल कधीच होत नाही.

प्लमेट शिकवायला त्यांनी आम्हाला खिडकीशी नेलं. नव्या इमारतीचं काम चालू होतं. गवंडी ओळंबा सोडून भिंत तपासत होता. प्लमेट म्हणजे आधी तो ओळंबाच, शिशाचा गोळा. शिशाचं लॅटिन नाव प्लंबम. रसायनशास्त्रात शिशासाठी पीबी ही खूण लिहितो ती त्यावरूनच. म्हणून प्लमेट म्हणजे नुसतं पडणं नव्हे, तर शिशासारखं सरळ, जड, मध्ये कुठेही न थांबता पडणं. प्लंजही त्याच शिशातून आला. आज चाळीस वर्षांनी कुठेही ओळंबा दिसला की मला सरांचं खिडकीबाहेर रोखलेलं बोट दिसतं.

मी पुढे वर्तमानपत्रात अर्थविषयक बातम्यांच्या अनुवादाला बसलो आणि त्या महिन्यावर माझं पोट चाललं. इंग्रजी बातमीत बाजार कधी ईज होतो, कधी डिप, कधी स्लाइड, कधी स्लम्प. या प्रत्येकात किती आणि किती वेगाने हे ठरलेलं असतं. १९ ऑक्टोबर १९८७ या एका दिवसात अमेरिकेच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ५०८ अंशांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी खाली गेला. त्याला कोसळणं म्हणावं. अर्ध्या टक्क्याला नव्हे. हल्ली माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येक प्रतीत बाजार 'कोसळला'च असतो. मी ते खोडतो आणि 'किंचित उतरला', 'घसरला', 'गडगडला' यांतलं जे खरं असेल ते लिहितो. नवी मुलं म्हणतात, काय फरक पडतो? मला वाईट वाटतं. वाचणाऱ्याची आयुष्यभराची बचत त्यात असते. अर्ध्या टक्क्यासाठी त्याच्या पोटात गोळा आणायचा आपल्याला काय अधिकार?

तो लाकडी जिना आता राहिला नाही, असं ऐकतो. सरही राहिले नाहीत, आणि मला ते फार उशिरा कळलं. भेटायला जायचं म्हणत होतो, ते राहूनच गेलं.

एक गृहपाठही राहिला होता. डिसेंड शिकवताना सर म्हणाले होते की त्यात 'डी' म्हणजे खाली आणि पुढचा लॅटिन शब्द चढण्याचा; असेंडमध्येही तोच आहे. मग त्यांनी विचारलं, "आपल्या 'उतरणे'मध्ये 'उत्' म्हणजे तर वर. मग आपण खाली कसे येतो? शोधून आणा." कुणीच आणलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी एका संस्कृत कोशात मला 'उत्तरति' सापडलं. पाण्यातून वर येणं, नावेतून काठावर येणं, मग खाली येणं, आणि कुठे मुक्कामाला थांबणंसुद्धा. सर, आधी माणूस नदी पार करून काठावर चढत होता. तेच नावेतून उतरणं झालं, आणि मग घोड्यावरून, गाडीतून, जिन्यावरून उतरतानाही तोच शब्द आपल्याबरोबर आला.