कुपीवरचा आकडा तुमच्या ट्यूबमध्ये का उतरत नाही?

रीकॉम्बिनंट (दुसऱ्या पेशींकडून बनवून घेतलेल्या) सीवायपी३ए४ ची, म्हणजे औषधांचं विघटन करणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमची, नवी कुपी उघडली, सोबतच्या प्रमाणपत्रावर टेस्टोस्टेरॉनवरची ॲक्टिव्हिटी भरघोस दिली आहे, पण आमच्याकडे तिच्या निम्मीही येत नाही. माल खराब आला का? हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की एकदा नीट उत्तर द्यायलाच हवं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: माल खराब असू शकतो, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्या.

कुपीत शुद्ध एन्झाइम विरघळलेलं नसतं. मानवी यकृतातल्या एन्झाइमचं जनुक कीटकपेशींत बॅक्युलोव्हायरसमार्फत, किंवा ई. कोलायमध्ये घालतात आणि त्या पेशींचे पटल (मेंब्रेन) वेगळे काढतात. तो गढूळ द्राव म्हणजेच तुमचं एन्झाइम. ३ए४ हे पी४५० कुळातलं एन्झाइम. त्यासोबत पी४५० रिडक्टेज हे जोडीचं एन्झाइम असावंच लागतं, कारण एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन देणाऱ्या रेणूकडून आलेले इलेक्ट्रॉन हीमपर्यंत, म्हणजे पी४५० मधल्या लोहयुक्त भागापर्यंत, तेच पोचवतं. काही मालात सायटोक्रोम बी५ हे मदतनीस प्रथिनही असतं. ३ए४ चा वेग बी५ असताना चांगलाच वाढतो, त्याच कुळातल्या १ए२ ला त्याचा फारसा फरक पडत नाही. त्यामुळे बी५ असलेल्या मालाचा आकडा बी५ नसलेल्या मालाशी ताडून पाहणं व्यर्थ आहे. प्रमाणपत्रात आधी हे बघा.

मग एकक बघा. ॲक्टिव्हिटी प्रति पिकोमोल पी४५० दिली आहे की प्रति मिलिग्रॅम प्रथिन? पटलात प्रथिनं शेकडो प्रकारची असतात, पी४५० त्यांतलं एक. नेहमी पिकोमोलमध्ये मोजा.

वितळवण्यात फार नुकसान होतं. कुपी उणे ८० अंशांवरून थेट ३७ अंशांच्या पाण्यात धरा, बर्फाचा शेवटचा कण उरला की लगेच बर्फात ठेवा. बर्फावर हळूहळू वितळू देऊ नका. व्होर्टेक्स करू नका, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळू नका; फेस आला की प्रथिन बिघडतं. पण पटल तळाशी बसतं, म्हणून कुपी चार-पाच वेळा हळुवार उलटसुलट करा. पहिल्याच वेळी छोटे भाग करून गोठवा. पुन्हा पुन्हा गोठवलं-वितळवलं की दर वेळी थोडं पी४५० निकामी होत जातं.

आता प्रत्यक्ष अभिक्रिया. २०० मायक्रोलिटरसाठी ७.४ पीएचचा १०० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर १५८ मायक्रोलिटर, एन्झाइम २० मायक्रोलिटर, ॲसिटोनायट्राइलमधलं १० मिलिमोलर टेस्टोस्टेरॉन २ मायक्रोलिटर, आणि शेवटी १० मिलिमोलर एनएडीपीएच २० मायक्रोलिटर. कुपीत मिलिलिटरला १००० पिकोमोल असतील तर ते आधी थंड बफरमध्ये दहापट पातळ करा. मूळ द्रावातून २ मायक्रोलिटर उचलायला गेलात तर तो घट्टसर द्राव पिपेटच्या टोकाला चिकटतो आणि तिथेच वीस-तीस टक्के चूक सहज होते. पातळ केलेलं एन्झाइम त्याच दिवशी वापरा, उरलेलं फेका.

ट्यूब एनएडीपीएचशिवाय ३७ अंशांवर तीन-चार मिनिटं ठेवा, मग एनएडीपीएच टाकून घड्याळ सुरू करा. हा क्रम उलटवू नका. सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, इथे टेस्टोस्टेरॉन) नसताना एन्झाइमला एनएडीपीएच मिळालं की चक्र रिकामं फिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते हीमच नष्ट करतं. एनएडीपीएच ताजं करा. तपासायचं असेल तर १० मिलिमोलरचा द्राव शंभरपट पातळ करून ३४० नॅनोमीटरवर मोजा: १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.६२ यायला हवं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सरळ रेषेचा, म्हणजे उत्पादन वेळेच्या आणि एन्झाइमच्या प्रमाणात वाढतंय की नाही याचा. वरच्या ट्यूबमध्ये एन्झाइम २ पिकोमोल आहे. वेग समजा दर पिकोमोल एन्झाइममागे मिनिटाला १०० पिकोमोल धरला, तर दहा मिनिटांत २ नॅनोमोल उत्पादन होतं. टेस्टोस्टेरॉन एकूण २० नॅनोमोल, म्हणजे १० टक्के संपलं. ही ठीक मर्यादा आहे. तीच ट्यूब अर्धा तास ठेवली किंवा एन्झाइम पाचपट घातलं तर सब्स्ट्रेट भराभर घटतं, एन्झाइमही दमतं, आणि मिनिटांनी भागल्यावर आलेला ‘वेग’ निम्मा दिसतो. प्रमाणपत्राशी न जुळणाऱ्या बऱ्याच आकड्यांचं कारण एवढंच असतं. ५, १०, २० मिनिटं आणि मिलिलिटरला ५, १०, २० पिकोमोल असा छोटा तक्ता एकदा करा; मगच वेळ ठरवा. टेस्टोस्टेरॉनऐवजी मिडाझोलाम हे औषध वापरत असाल तर आणखी सावध राहा: ते ३ए४ ला हळूहळू स्वतःच निष्क्रिय करतं, म्हणून पाच मिनिटांच्या आत थांबा.

द्रावकाकडे दुर्लक्ष होतं. डीएमएसओ ३ए४ ला दाबतं, ०.१ टक्क्याच्या वर जाऊ नका. ॲसिटोनायट्राइल १ टक्क्यापर्यंत चालतं. नियंत्रण म्हणून नुसता बफर पुरत नाही. रिकाम्या व्हायरसच्या कीटकपेशींचं पटल तितक्याच प्रथिनमात्रेत घ्या, कारण तेलकट रेणू पटलाला चिकटतात आणि मोकळी मात्रा कमी होते. यकृताच्या मायक्रोसोमशी (यकृतपेशींतून काढलेल्या पटलाच्या कणांशी) थेट बरोबरीही करू नका. यकृतात पी४५० च्या मानाने रिडक्टेज फार कमी असतं, रीकॉम्बिनंट मालात ते बरंच जास्त असू शकतं.

एवढं करूनही आकडा येत नसेल तर पी४५० मोजा. ओमुरा आणि सातो यांनी १९६४ मध्ये दिलेली पद्धत आजही तीच आहे. पटल २० टक्के ग्लिसरॉलच्या बफरमध्ये घेऊन सोडियम डायथायोनाइटचे चार कण टाका, दोन क्युव्हेटमध्ये वाटा, बेसलाइन घ्या, एका क्युव्हेटमध्ये कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे मिनिटभर सोडा आणि ४०० ते ५०० नॅनोमीटर स्कॅन करा. हे फ्यूम हूडमध्येच करायचं. ४५० आणि ४९० मधला फरक मायक्रोमोलरला ०.०९१ असतो. १००० पिकोमोलचा माल दुप्पट पातळ केला तर फरक जेमतेम ०.०४५ येईल, म्हणून आणखी पातळ करू नका. ४५० ला शिखर नीट असेल तर हीम शाबूत आहे. ४२० ला शिखर उंचावलं असेल तर एन्झाइम मेलेलं आहे. ते वाहतुकीत मेलं की तुमच्या फ्रीझरमध्ये, हे पाठवणाऱ्याकडच्या त्याच बॅचच्या स्कॅनशी ताडून बघा. आणि ४५० चांगलं असूनही वेग येत नसेल तर संशय रिडक्टेजवर घ्या: सायटोक्रोम सी सोबत एनएडीपीएच घालून ५५० नॅनोमीटरवर वाढ मोजा, मिलिमोलरला २१ धरून.