कुडचडे-सावर्डे मीटर गेज: रूळ बसले, आता नदी

मागच्या नोंदीत नुसते दोन रिकामे पाट (ज्यांवर मॉडेल उभं राहतं ते तळ) दाखवले होते. आता दोन्ही पाटांवर रूळ आहेत, फलाटाची कड उभी राहिली आहे, मालधक्क्याचं छप्पर चढलं आहे आणि नदीचं पात्र कोरून तयार आहे. नवीन वाचकांसाठी थोडक्यात: मी १:८७ प्रमाणात सावर्डे स्टेशनाचं मीटर गेजच्या (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या मार्गाच्या) काळातलं मॉडेल करतो आहे. काळ साधारण १९७० चं दशक, दक्षिण मध्य रेल्वे, हुबळी विभाग, गाड्या वाफेच्या. स्टेशनाचं नाव सावर्डे, पण ते उभं आहे नदीच्या कुडचडे बाजूला, हे आमच्या भागातल्या मंडळींना सांगायला नको.

‘दूधसागर का नाही केलास?’ हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. जागेचं उत्तर सोपं आहे. धबधबा ज्यात आहे तो कुळे ते कॅसलरॉक घाट सुमारे २६ किलोमीटरचा. या प्रमाणात तो ३०० मीटर लांब होईल. चढण एकास सदतीस, म्हणजे बोरघाटाइतकीच खडी. रूळ दहा सेंटिमीटर वर न्यायचे तर ३ मीटर ७० सेंटिमीटर लांबी लागते, आणि माझ्या दोन्ही पाटांची मिळून लांबी २ मीटर ४० आहे. धबधब्याची उंची साधारण ३१० मीटर. मॉडेलवर ती साडेतीन मीटर भरते, म्हणजे आमच्या घराची कौलं काढावी लागतील.

जागा असती तरी मी यार्डच निवडलं असतं. घाटातून गाडी जाते. गाव घडलं ते स्टेशनाभोवती. या मार्गाने गोव्याच्या आतल्या भागाला काय दिलं हे पाहायचं असेल तर कुडचड्याच्या बाजारात, मालधक्क्यावर आणि नदीकाठी पाहावं लागतं. तेच या पाटांवर आणायचा माझा प्रयत्न आहे.

मार्ग बांधला गेला वेगळ्याच हिशोबाने. २६ डिसेंबर १८७८ ला इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर चढणारी रेल्वे हा त्याचा गाभा. मोबदल्यात गोव्यातल्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये ठरले. बांधकाम वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे या लंडनच्या कंपनीकडे होतं, आणि तिच्यामागच्या बड्या मंडळींत सदरलंडचा ड्यूक होता. भांडवलावरच्या परताव्याची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती. १८८७ मध्ये मुरगावहून सावर्ड्यापर्यंत गाडी आली आणि १८८८ मध्ये रूळ कॅसलरॉकला दक्षिण मराठा रेल्वेला भिडले. मुरगाव ते कॅसलरॉक सगळे मिळून सुमारे ८२ किलोमीटर.

दख्खनचा कापूस मुरगावला उतरेल हा अंदाज फसला. माल मुंबईकडेच जात राहिला, हमीचा बोजा तिजोरीवर पडला, १८९२ मध्ये कराराची मुदत संपली ती पुन्हा वाढली नाही, आणि १९०२ पासून गाड्या चालवायचं काम दक्षिण मराठा रेल्वेकडे गेलं. मोडलेल्या मिठागरांचं दुःख मला या सगळ्या हिशोबात सर्वांत मोठं वाटतं, कारण ज्या कुटुंबांची ती आगरं होती त्यांना रेल्वेने फारसं काही दिलं नाही.

माल आला नाही, तरी माणसं गाडीत बसली. लोंढ्यावरून बेळगाव, मिरज, पुणे, मुंबई. नोकरीला जाणारे, शिकायला जाणारे, चतुर्थीला परतणारे. पुढे मिरजेपर्यंत ब्रॉडगेज आल्यावर मिरजेला उतरून सामानासकट दुसऱ्या गाडीत चढायचं, हा आमच्या आधीच्या पिढीचा ठरलेला क्रम होता. म्हणून फलाटावर मी मालापेक्षा माणसं जास्त ठेवतो आहे. एक माणूस या प्रमाणात एकोणीस-वीस मिलिमीटरचा. ट्रंक डोक्यावर घेतलेला हमाल, पाटी घेऊन डब्याच्या दाराशी उभी असलेली मासळीवाली, सायकलच्या कॅरियरवर टोपली बांधलेला पदेर (पाववाला) एवढे रंगवून झाले आहेत.

आता रुळांबद्दल. मीटर गेज १:८७ मध्ये साडेअकरा मिलिमीटर येतं. बाजारात १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात आणि ते चालून जातात. पण ते १:१२० साठी बनवलेले असल्याने त्यांचे स्लीपर बुटके आणि दाट असतात. आपल्याकडचा मीटर गेजचा लाकडी स्लीपर १८३० मिलिमीटर लांब आणि २०३ रुंद. माझ्या प्रमाणात २१ मिलिमीटर लांब, २.३ रुंद. म्हणून तयार पट्टी फेकून लाकडाच्या पातळ काड्या कापल्या, चहाच्या गडद पाण्यात भिजवल्या आणि हाताने चिकटवल्या. वेळ फार जातो, पण मधल्या फटी योग्य पडल्या की रूळ लगेच आपले वाटू लागतात. खडीसाठी क्रशरवरची काळी भुकटी दोन चाळण्यांतून काढली. वरच्या चाळणीवर राहिलेली मुख्य मार्गाला आणि खाली पडलेली बारीक सायडिंगला (बाजूच्या रुळाला), कारण सायडिंगची खडी नेहमी मातीत बुडालेली असते. सगळ्यावर शेवटी चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, धूळ. कुठलाही दुकानातला रंग या धुळीच्या जवळपास येत नाही. चिरा फोडताना पडलेला चुरा वस्त्रगाळ करायचा आणि कोरड्या ब्रशने रुळांच्या बाजूंना लावायचा.

डब्यांची जोडणी हा माझ्या आवडीचा भाग. ब्रॉडगेजच्या जुन्या डब्यांना दोन्ही कोपऱ्यांत बफर (डब्यांमधला धक्का झेलणारे दट्टे) असत. मीटर गेजला मधोमध एकच बफर, आणि त्याच डोक्यातून पुढे येणारा हुक समोरच्या बफरवर बसतो. डबा नुसता समोरून पाहिला तरी मीटर गेज ओळखू येतं ते या एका डोळ्याने. मी गाडीच्या दोन टोकांना हा हुक पितळी तारेतून कोरून लावला आहे. मधल्या जोडण्यांत बारीक लोहचुंबक आहेत, दिसत नाहीत. इंजिनाचं काम चालू आहे. मालगाडीचं वायजी जातीचं इंजिन आधी घेतलं आहे, कारण त्याची चाकं चार फुटी, म्हणजे मॉडेलवर १४ मिलिमीटर, आणि त्या मापाची चाकं मिळतात. सवारी गाडीचं वायपी नंतर.

एका निवृत्त पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणाऱ्या) काकांना फोटो दाखवले. त्यांनी सिग्नलकडे पाहिलंच नाही, आधी विचारलं, ‘कडं कुठाय?’ एकेरी मार्ग, टोकनशिवाय (पुढचा मार्ग मोकळा असल्याच्या खुणेशिवाय) गाडी सुटायची नाही. थांबा नसलेल्या गाडीचा ड्रायव्हर वेताच्या कड्यातली टोकनची पिशवी चालत्या गाडीतून घ्यायचा आणि मागच्या स्टेशनची फेकायचा. त्यासाठी फलाटाच्या टोकाला माणूस हात उंच करून उभा असे. रात्री हातात कंदील. त्या माणसाची आकृती मी त्याच संध्याकाळी करायला घेतली. कड्यासाठी तांब्याची केसासारखी तार वळवली आणि तिला पिवळसर रंग दिला. सगळ्या मॉडेलमध्ये एवढीशी गोष्ट, पण तिने फलाटाचं ते टोक जिवंत झालं.

दुसरा पाट नदीचा. इथे मला इतिहासाचा दुसरा अर्धा भाग मांडायचा आहे. १९५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि कॅसलरॉकची वाट बंद झाली. डिसेंबर १९६१ पर्यंत गाडी गोव्याच्या हद्दीतच धावली. त्याच वर्षांत खनिजाने उचल घेतली. लोहखनिज आणि मँगनीज सागरी मार्गाने जपानला आणि युरोपला निघालं. घाटाकडची वाट तुटली आणि समुद्राकडची रुंदावली. सांगे-केप्याच्या डोंगरांतलं खनिज ट्रकांनी नदीकाठी यायचं, जेटीवर ढिगारे लागायचे, तिथून बार्जमध्ये (सपाट तळाच्या मालवाहू होडीत), आणि भरतीच्या वेळा सांभाळत बार्ज जुवारीतून मुरगावला. मांडवीकडच्या बार्जना पावसाळ्यात नदीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा बांध अडवायचा म्हणून त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या. म्हणजे दोन्ही नद्यांचा माल एकाच बंदराकडे.

प्रत्यक्षात स्टेशन आणि जेटी इतकी जवळ नाहीत. पाटावर मी त्यांना ओढून शेजारी आणलं आहे, नाहीतर गाव आणि खाण एका नजरेत येत नाहीत. पन्नास मीटरची बार्ज ५७ सेंटिमीटर होते, पाटाची रुंदी जवळजवळ तेवढीच. म्हणून बार्जचा फक्त पुढचा अर्धा भाग बांधतो आहे, बाकीचा पाटाच्या कडेबाहेर गेला असं समजायचं. पाणी ओहोटीचं दाखवणार आहे, कारण चिखलाची कड उघडी पडली की नदी भरती-ओहोटीची आहे हे न सांगता कळतं. इपॉक्सीचे (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक रसायनाचे) पातळ थर, खालच्या थरात हिरवट तपकिरी, वरचा जवळजवळ स्वच्छ. ढिगारे दोन रंगांचे: लोहखनिजाचा लालसर तपकिरी आणि मँगनीजचा काळा. दक्षिणेकडच्या पट्ट्यात मँगनीज होतं, हे फोटो पाहणाऱ्याला ढिगाऱ्यावरूनच कळावं.

हे सगळं आत्ता घाईने करायचं कारण जुन्या खुणा झपाट्याने जात आहेत. १९९० च्या दशकात मीटर गेज उखडलं गेलं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा जेट्या आणि बार्ज एकदम ओस पडल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर पुन्हा तेच. आता मुरगावहून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे कोळसा जातो. या मार्गाच्या दुपदरीकरणाला विरोध करत चांदरला २०२० मध्ये लोक रात्रभर रुळांवर बसले होते, आणि कुळे ते तिनईघाट टप्प्याची वन्यजीव मंडळाची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. कोळशाच्या धुळीबद्दल माझं मत चांदरच्या लोकांसारखंच आहे. आणि रूळ वाढवताना जुनी छपरं, पाण्याचे हौद, रुळांचे तुकडे उभे करून केलेले कुंपणाचे खांब मोजमाप न घेता पाडू नयेत, एवढीही अपेक्षा आहे. मी जिथे पोचतो तिथे टेप लावून घेतो.

पुढची कामं: नदीचे थर (पाऊस संपल्यावर, दमट हवेत इपॉक्सी धुरकट होतं), बाजाराच्या रांगेतली पाच दुकानं, आणि स्टेशनाची इमारत. चिऱ्याची भिंत उघडी ठेवायची की गिलावा दाखवायचा हे ठरलेलं नाही. सव्वा फुटाचा चिरा मॉडेलवर साडेचार मिलिमीटरच्या आत येतो, तो कोरता येतो, पण १९७० च्या दशकात रस्त्याकडची बाजू कशी होती हे फोटोवरूनच ठरवायचं आहे. कुणाच्या घरी लग्नाचे, शाळेच्या सहलीचे, गाडीवर सोडायला गेलेल्यांचे फोटो असतील आणि मागे स्टेशनाची भिंत, पाण्याचा नळखांब किंवा नदीकडचं सायडिंग दिसत असेल, तर कृपया दाखवा. माणसांचे चेहरे झाकून पाठवलेत तरी चालेल, मला मागची भिंत हवी आहे.