तीन फुटांच्या फरकावर वसलेलं गाव

रविवार, रात्रीचे अकरा वाजून गेलेत

पाठ जाम दुखतीय. आज कुर्डूवाडीला आतेभावाच्या पोरीचं बारसं होतं, त्याला सख्खी बहीण नाही म्हणून आत्याचा मान माझ्याकडं आला. कानात कुर्र केलं की पाठीत धपाटे बसतात हे माहीत होतं, पण तिथल्या बायकांनी मागचं पुढचं सगळं उट्टं काढलं. पोरगी मात्र शांत झोपली होती, एवढा गोंधळ चाललाय न हिला काही नाही. रेल्वेवाल्यांच्या घरातली आहे, आवाजाचं काय तिला, असं आत्या म्हणाली.

सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं मी न आण्णा (माझे वडील) दोघंच गेलो. आण्णांची सत्तरी ओलांडली, गुडघे बोलतात, तरी माढा मागं पडलं की उठून दारात उभे. म्हणलं आण्णा बसा की, गाडी थांबतीय तिथं, पळून जात नाही. तर म्हणे, "कुर्डूवाडी आली की उभं राहायचं असतंय." आम्ही सोलापूरवाले खरं सांगायचं तर कुर्डूवाडीला गाव मानतच नाही, पुण्याला जाताना मधे लागतं ते, चहा घ्यायचा, पाय मोकळे करायचे न परत सीटवर. मी पण चाळीस वर्षं तेच केलं, आजोळ नाही पण वडिलांचं गाव असून. आज दिवसभर वेळ होता (बारसं अकराला न परतीची हुतात्मा रात्री) म्हणून जेवणं झाल्यावर आण्णांबरोबर नुसतं फिरले न ते बोलत गेले.

पहिली गोष्ट म्हणजे ह्या स्टेशनचं मूळ नाव कुर्डूवाडी नव्हतंच, बार्शी रोड होतं. मुंबईकडून पुण्यावरून येणारी जीआयपीची (तेव्हाची इंग्रजांची रेल्वे कंपनी) लाईन १८६० ला सोलापूरला पोचली, पण बार्शी बाजूला राहिली. बार्शी म्हणजे तेव्हाची मोठी बाजारपेठ, कापूस, धान्य, सगळी उलाढाल तिथं. मग बार्शीला जायचं असेल तर इथं उतरा न पुढं बैलगाडीनं जावा, म्हणून स्टेशनला नाव दिलं बार्शी रोड. कुर्डू हे गाव वेगळंच आहे, थोडं लांब, जुनं, त्याचं ते. म्हणजे माळावर एक स्टेशन, न त्याला नाव दुसऱ्याच गावाचं. आण्णा हसत म्हणाले, "बारसं बार्शीचंच झालं, आम्ही नुसता पाळणा धरला." हा जोक त्यांनी दुपारी पंगतीत पण मारला, दोनदा.

मग आली बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप म्हणून एक इंग्रज इंजिनियर होता, त्यानं १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी ३५-एक किलोमीटरची छोटी लाईन टाकली. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. लोकांना वाटायचं असली खेळण्यातली गाडी काय माल ओढणार, पण बाबाजीनं डोकं लावलं होतं, इंजिन असो की वॅगन, प्रत्येक आसावर वजन ५ टनांपर्यंतच यायला पाहिजे असा हिशोब धरला, त्यामुळं हलक्या स्वस्त रुळांवर पण भरपूर माल जायचा. हे आजोबा आण्णांना पाटीवर गाडी काढून समजावून सांगायचे म्हणे. (हाच माणूस पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवायच्या नादाला लागला. कुठं बार्शी न कुठं पॅराशूट.) लाईन वाढत गेली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला निजामाच्या मुलखात लातूर, १९२७ ला मिरज, सगळी मिळून ३२५ किलोमीटर. न ह्या सगळ्याचं मधलं ठिकाण, वर्कशॉप, स्टाफ, सगळं कुर्डूवाडी.

आता खरी गंमत इथं आहे. मोठी लाईन साडेपाच फुटांची, छोटी अडीच फुटांची. मधे तीन फुटांचा फरक. म्हणजे लातूरचा कापूस मुंबईला जायचा असेल तर तो कुर्डूवाडीत छोट्या वॅगनमधून काढून मोठ्या वॅगनमध्ये भरायलाच लागणार, दुसरा इलाजच नाही. माणसं पण तशीच, पुण्याकडून पंढरपूरला निघालेला वारकरी रेल्वेनं आला की इथं उतरणार, बोचकं डोक्यावर घेऊन पलीकडं जाणार न छोट्या गाडीची वाट बघत बसणार. मग गाठी उचलायला हमाल आले, वाट बघणाऱ्यांसाठी चहावाले आले, खाणावळी आल्या, टांगेवाले आले, त्यांची पोरं शिकायला पाहिजेत म्हणून शाळा आल्या. सोलापूरला रेल्वे यायच्या आधीपासून किल्ला होता, सिद्धेश्वर होता, बाजार होता, रेल्वेनं फक्त ताकद दिली, मग १८७७ ला जुनी मिल वगैरे. कुर्डूवाडीला असं काही नव्हतं. त्या तीन फुटांवर अख्खं गाव जेवत होतं!

आमचे आजोबा त्यातलेच. मंगळवेढ्याकडचे, कोरडवाहू ज्वारी, भाऊ चार, म्हणून बार्शी लाईटच्या वर्कशॉपला खलाशी (म्हणजे हाताखालचा मदतनीस) म्हणून लागले न फिटर होऊन रिटायर झाले. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं बार्शी लाईट विकत घेतली न ती मध्य रेल्वेत गेली, पण आजोबा शेवटपर्यंत "कंपनीत होतो" असंच सांगायचे. भोंगा झाला की उठायचं, दुसरा झाला की गेटवर. नुसतं वर्कशॉपवालेच नाही, आण्णा म्हणतात आख्ख्या गावाचा स्वयंपाक भोंग्यावर चालायचा. सोलापुरात मिलच्या भोंग्याचं पण तेच होतं, माझ्या आईला अजून आठवतंय.

आज आत्यानं आजोबांचा बिल्ला काढून दिला. हजेरीचा पितळी बिल्ला, रुपयापेक्षा मोठा, वर खिळ्याला अडकवायला भोक, मधे नंबर ठोकलेला. इतकी वर्षं देवघराच्या खणात कापराच्या डबीत होता, त्यामुळं काळा पडलेला न वास कापराचा. नंबर धड वाचता येत नाही, कडा अशा गुळगुळीत झाल्यात की अंगठा आपोआप फिरतो त्यावर. आण्णांनी हातात घेतला, वास घेतला, म्हणले तेलाचा वास गेला बघ. एवढंच म्हणले न खिशात टाकला. मग आम्ही वर्कशॉपच्या गेटपर्यंत चालत गेलो, रविवार, सगळं सामसूम, पाच मिनिटं उभे राहिलो न परत आलो.

छोट्या गाडीच्या आठवणी मात्र त्यांच्याकडं ढीगभर. गाडी इतकी हळू की चढावर पोरं उतरून बोरं पाडायची न पळत येऊन परत बसायची, हे मला अर्धं खरं अर्धं थापा वाटतं, पण छोट्या लाईनवर वाढलेला प्रत्येक माणूस हेच सांगतो त्यामुळं काय बोलणार. कोळशाची कणी डोळ्यात गेली की आजी पदराचा बोळा करून तोंडाची गरम वाफ देऊन डोळ्याला लावायची, हे मात्र खरं असणार, कारण मी लहान असताना मलापण ती तेच करायची, कणी नसली तरी. आषाढीला तर टपावर पण माणसं, आत टाळ चालू, खाली उतरलेल्याला परत चढायला जागा नाही.

२००० नंतरच्या दहाएक वर्षांत एकेक करून सगळी लाईन ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फुटांची झाली. तीन फुटांचा फरक संपला. लातूरच्या माणसाला मुंबईला जायचं तर झोपूनच जातो आता, कुर्डूवाडीला जाग आली तर आली. मी जरा हळवं काहीतरी बोलायला लागले तर आत्यानं झाडलं, "रडायचं काय त्यात? रात्री दोनला पोरं काखेत न ट्रंका डोक्यावर घेऊन गाडी बदलली असतीस म्हंजे कळलं असतं." बरोबरच आहे तिचं, गाडी बदलायची कोणाला हौस नसते. पण ती स्वतः अजून पाव्हण्यांना गाडी कितीची आहे हे विचारल्याशिवाय पाणी देत नाही, ही सवय कुठली मग!

पंगतीत शेजारी बसलेल्या मावशी मला विचारत होत्या, तुमचं मूळ गाव कुठलं. मी म्हणलं सोलापूर. आण्णा पलीकडून म्हणले कुर्डूवाडी. आजोबा असते तर मंगळवेढा म्हणले असते, नोकरी, लग्न, पोरं, मरण सगळं कुर्डूवाडीत होऊन पण. तिथल्या बहुतेक घरांत असंच आहे, कोणाचे आजोबा मिरजेकडचे, कोणाचे आंध्रातले, कोणी बदलीवर आला न राहिला. मग आतेभाऊ म्हणला आमच्या पोरीचं काय लिहायचं, ही तर बार्शीच्या दवाखान्यात झालीय, जन्माच्या दाखल्यावर बार्शीच आहे. आण्णा इतके हसले की ठसका लागला, जिलबी बाजूला ठेवून पाणी प्यायला लागलं. "घ्या, परत बार्शी रोड!"

येताना गाडीला गर्दी होती. आण्णांना कोणीतरी उठून जागा दिली, मी दाराजवळ उभी राहिले, पाठ टेकवायची सोय नाहीच. घरी आल्यापासून बाम लावून पालथी पडून हे टाईप करतीय.

आण्णा अजून झोपले नाहीत. किचनमधला लाईट चालू आहे, ओट्यापाशी उभे राहून चिंच लावून बिल्ला घासतायत. मगाशी आत येऊन विचारून गेले, हा पहिला आकडा चार आहे का नऊ, तुझा चष्मा लावून बघ. मला चार वाटला. त्यांना पटलेलं नाही.