कोयनेच्या बेटावर सहा दिवस, त्यातले पहिले तीन वाया

मला सगळ्यात आधी आबांनी वेड्यात काढलं. आबा म्हणजे आमच्या कोपरखैरण्याच्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहतात ते, आधी मशीद बंदरला आणि मग मार्केट इकडे आल्यावर वाशीला, अशी उभी हयात गोण्या वाहण्यात गेलेले माथाडी. मूळचे कोयनेच्या बॅकवॉटरच्या काठचे. त्यांना सांगितलं की शिवसागरात, म्हणजे त्या बॅकवॉटरातच, एका बेटावर जलरंगाचं शिबिर आहे, पाच रात्री, साडेचौदा हजार, तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "पैसं देऊन तिकडं ऱ्हायला चाललीस? आम्ही तिकडनं पोट भराया हिकडं आलो की गं."

यावर काय बोलणार. हसले आणि फॉर्म भरायला बसले.

माझं चित्रकलेचं म्हणाल तर शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेली, दोन्हीत बी ग्रेड, आणि मग पंचवीस वर्षं टॅली. लॉकडाऊनमध्ये मुलाचा जुना रंगाचा डबा हाताला लागला तिथून पुन्हा सुरू झालं, आता रविवारी सकाळी वाशीच्या मिनी सीशोअरला जाऊन बसते, मागे दोन-चार लोक उभे राहतात, एखादा विचारतो "हे कितीला विकता?" आणि खाडी काही केल्या खाडीसारखी दिसत नाही. एवढ्या भांडवलावर फॉर्म भरला.

फॉर्मला जागेवर बसून काढलेल्या पाच चित्रांचे फोटो हवे होते, गुगलवरचा फोटो बघून काढलेलं चालणार नाही, आणि कशासाठी यायचंय ते दहा ओळीत. दहा ओळी लिहायला मला तीन दिवस लागले ते सोडा, फोटो मी रात्री जेवणं झाल्यावर हॉलच्या ट्यूबखाली काढले आणि सगळ्यांवर माझ्या मोबाईलची सावली, पांढरा कागद निळसर. परत मेल आली की दिवसा काढून पाठवा. कुणाला असं काही भरायचं असेल तर सांगते, खिडकीपाशी, पण थेट ऊन पडणार नाही असं, चित्र भिंतीला उभं टेकवून आणि मोबाईल अगदी समोर धरून काढायचे. जागा बाराच, मी वेटिंगला तिसरी. सोडून दिलं होतं, आणि निघायच्या नऊ दिवस आधी फोन आला की जागा झालीय, येताय का.

ऑफिसात ऑक्टोबरच्या २० तारखेचं जीएसटी रिटर्न गेल्याशिवाय हलायची सोय नव्हती, नशिबाने शिबिर २२ पासून होतं. घरी नवरा म्हणाला, "जा बिनधास्त, आम्ही बघतो." म्हणजे पोळीभाजी केंद्र.

वाशी प्लाझाहून रात्री ११ ची बस, साताऱ्याला पहाटे उतरले, स्टँडवर उजाडेपर्यंत डास मारले आणि मग जीपने कासवरून बामणोली. कासची फुलं संपून गेलेली, पठारावर नुसतं सोनेरी झालेलं गवत, आणि खरं सांगते मला तेच जास्त आवडलं, गर्दी नाही, पार्किंगची मारामारी नाही. बामणोलीला लाँचमध्ये बसलो, लाईफ जॅकेटं घातली, आणि मोबाईलची एकेक काडी गळत पाऊण तासात नेटवर्क मेलं.

बेट म्हणजे तसं खरं बेट नाहीच. डोंगराचा एक उंचवटा आहे, कुणाच्या तरी मालकीची जमीन. कोयना धरण भरलं, १०५ टीएमसीला आलं, की चहूबाजूंनी पाणी चढतं आणि त्याचं बेट होतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथे चालत जाता येतं. सहा तंबू, एक पत्र्याची शेड, सोलरचे चार दिवे. स्वयंपाकाला पलीकडच्या गावातल्या दोन मावश्या होडीने यायच्या, नाचणीची भाकरी, घेवड्याची उसळ, आणि रात्री मासे. जेवणाबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. संडासाबद्दल आहे, पण ती इथे नको.

पहिल्याच दिवशी शिबिराच्या सरांनी सगळ्यांचे डबे बंद करायला लावले. डोंबिवलीचे एक काका अठ्ठेचाळीस रंगांचा डबा घेऊन आले होते, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. फक्त चार ट्यूब ठेवायच्या, अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि एक लाल. हिरवी ट्यूब बंद! चारी बाजूंना सह्याद्री आणि हिरवी ट्यूब बंद, मला वाटलं हे काहीतरी उगाच. पण ट्यूबमधला हिरवा तिथे लावला की डोंगर पोपट दिसतो हे नंतर स्वतःच करून पाहिलं. ऑक्टोबर अखेरचा तिथला हिरवा खरं तर अर्धा पिवळा, अर्धा राखाडी असतो, ऑकरमध्ये जरासा निळा घातला की तो येतो. आणि अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की जे राखाडी मिळतं त्यात मागचे सगळे डोंगर निघतात, जवळचा गडद, त्यामागचा फिका, अगदी मागचा नुसता पाण्याचा हात फिरवल्यासारखा. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर डोंगराला आपोआप दगडासारखा पोत येतो. हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर.

आणखी एक नियम, ब्रश धुतलेलं पाणी तलावात ओतायचं नाही. काही रंगांत कॅडमियम असतं, कोबाल्ट असतं, आणि खालची गावं हेच पाणी पितात. दोन कॅन ठेवलेले, त्यात साठवायचं. मी वाशीला इतकी वर्षं डोळे झाकून खाडीत ओतत आले, ते आठवून तिथे गप्प बसले.

आता वाया गेलेले तीन दिवस. पहिल्या सकाळी साडेसहाला बसलो तेव्हा पाण्यावर असं धुकं होतं की समोरचा काठ गायब, नुसती एक होडी अधांतरी. मी आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, घातला आणि वाळायची वाट बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. धुक्यात कागद वाळतच नाही! घरी पंख्याखाली चित्र काढणाऱ्या बाईला हे कुठून माहीत असणार. शेवटी कंटाळून अर्धवट ओल्यावरच डोंगराची रेघ ओढली, ब्रशमध्ये पाणी जास्त होतं, आणि बघता बघता तिथे फ्लॉवरचा गड्डा उगवला. अक्षरशः फ्लॉवर, कडा दातेरी, मध्ये पांढरा. होतं असं की वाळत आलेल्या रंगात जास्तीचं पाणी पडलं की ते पसरताना रंगाचे कण ढकलत कडेला नेऊन टाकतं. मी तो दाबायला गेले, अजून पाणी, अजून दोन फ्लॉवर. मंडई झाली नुसती.

सर मागून आले, कागद तिरका धरून उजेडात बघितला आणि म्हणाले, "चकाकी दिसतेय का? चकाकी आहे तोवर खेळा. ती गेली की हात खिशात." मी म्हटलं, ड्रेसला खिसा नाहीये. तर म्हणाले, "मग चहा घ्या." पुढचे सगळे दिवस मी किती चहा प्यायले ते मावश्यांना विचारा.

दुपारी उलटं. अकरानंतर ऊन असं भाजायचं की ब्रश अर्ध्या कागदापर्यंत पोचेस्तोवर मागची कड वाळून रेघ पडलेली. त्यावर उपाय म्हणजे कागद मागूनही ओला करायचा, सावलीत बसायचं, मोठा ब्रश घ्यायचा. तरी दुसऱ्या दिवशी माझ्या आकाशात ठिकठिकाणी गडद ठिपके उठायला लागले, जणू कागदाला गोवर आला. मला वाटलं पाणी खराब, मग वाटलं ब्रश खराब, मग नेहमीप्रमाणे वाटलं मीच खराब. तीन कागद तसेच गेले. सरांनी चौथ्या कोऱ्या कागदावर बोटाने पाण्याचे थेंब टाकले. काही थेंब वर मोत्यासारखे राहिले आणि काही टिपकागदावर पडल्यासारखे आत गेले. "साईझिंग गेलंय. कागद मेला हा. कुठे ठेवला होतात?"

माळ्यावर. दोन पावसाळे. डांबराच्या गोळ्या घालून, जपून. चांगला जाड, ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन, महागातला, "चांगल्या चित्राला वापरू" म्हणून शिल्लक ठेवलेला. जलरंगाच्या कागदाला सरसासारखं एक अस्तर दिलेलं असतं, रंग लगेच आत शोषला जाऊ नये म्हणून, तेच साईझिंग, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते खराब होतं, नुसतं बघून कळतही नाही. हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचा, आणि मुख्य म्हणजे वापरून टाकायचा. साड्यांच्या बाबतीत आईला मी हेच बोलते.

त्या रात्री मला भयंकर रडू आलं, लपवत नाही. तंबूच्या बाहेर येऊन बसले. पलीकडच्या काठावर दोनच दिवे, बाकी अंधार, आणि पाण्याचा चुबुकचुबुक आवाज. एक मावशी त्या रात्री मुक्कामाला होत्या, त्या येऊन शेजारी बसल्या. मी सहज आबांच्या गावाचं नाव घेतलं. त्यांनी अंधारातच हात केला, "त्यो काय, समोर. जुनं गाव खाली पाण्यात, उठलेलं गाव वरच्या अंगाला." वैशाखात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा आणि खाचरांचे बांध वर येतात म्हणे, माणसं जाऊन नारळ फोडून येतात. म्हणजे तीन दिवस मी ज्या पाण्याचा रंग मिसळत बसले होते ते आबांचं गाव होतं, आणि मी निघताना त्यांना धड विचारलंही नव्हतं की नक्की कुठे.

चौथ्या दिवशी सरांनी त्यांच्याकडचे दोन कागद दिले. त्यातल्या एकावर मी तो समोरचा काठ काढला. काही विशेष हुशारी केली नाही, आकाश घातलं, चहा प्यायला गेले, परत येऊन मागचा डोंगर, परत चहा. पाणी रंगवायची वेळ आली तेव्हा धुकं उठत होतं आणि पाणी आभाळाइतकंच पांढरं दिसत होतं, मी ब्रश भिजवला आणि तसाच परत ठेवला. कागदच ठेवला कोरा. खाली एक बारीक राखाडी रेघ, काठाची. बस.

पाचवा आणि सहावा दिवस बरे गेले, सात चित्रं झाली, दोन ठेवण्यासारखी. डोंबिवलीच्या काकांनी चार रंगांत जी होडी काढली ती आमच्या सगळ्यांत उजवी होती, आणि ते अजून त्या बंद डब्यावरून कुरकुरतच होते. बामणोलीला लाँच लागली तसे मोबाईलवर तीनशे बारा मेसेज आले, त्यातले निम्मे सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचे.

दुसऱ्या दिवशी ते चित्र घेऊन आबांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, चित्र खिडकीकडे नेलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डोंगराच्या सोंडेवर बोट ठेवून म्हणाले, "हितनं आम्ही गुरं उतरवायचो." बोट खाली सरकत सरकत त्या कोऱ्या पांढऱ्यावर आलं. मी घाईघाईत म्हटलं, आबा ते पाणी आहे, रंगवलं नाहीये अजून.

"नगं रंगवू," म्हणाले. "हितं आमची खाचरं हुती. दोन आमची, त्याच्या खालचं चुलत्याचं."

आणि बोटाने तिथे तीन चौकोन काढले. बोटाला तंबाखूचा चुना लागलेला, तो कागदावर उमटला. काकू ओरडल्या. मी म्हटलं राहू द्या.

चित्र त्यांना तसंच कॅलेंडरशेजारी खिळ्याला लावायचं होतं, मी हट्टाने फ्रेमवाल्याकडे नेलं, कारण काच आणि मध्ये माउंटची पट्टी नसेल तर पुढच्या जुलैत बुरशी धरलीच म्हणून समजा. साडेआठशे सांगितले, सातशेला दिलं. फ्रेमवाल्याने विचारलं, मॅडम खाली हे पांढरे डाग आहेत ते पुसून घेऊ का.