कोपऱ्यातली फुली

मावशीला फोनवरून संगणकाचे काही समजावायचे झाले की मी नेहमी विंडोच्या उजव्या कोपऱ्यातल्या फुलीपासून सुरुवात करतो. मिनिमाइज आणि मॅक्सिमाइज हे शब्द तिच्या कानांवरून नुसते जातात. फुली म्हणजे काय हे मात्र शाळेत गणिताची वही तपासून घेतलेल्या कोणालाही निराळे सांगावे लागत नाही. फुलीच्या शेजारी चौकोन, चौकोनाच्या शेजारी आडवी रेघ, एवढ्या भांडवलावर आमचे वर्षानुवर्षे चालले होते. मागच्या दिवाळीत मी माझा जुना मॅक, म्हणजे ॲपलचा संगणक, तिला दिला आणि ही सगळी परिभाषा निकामी झाली, कारण तिथे टायटल बारवर, म्हणजे विंडोच्या वरच्या पट्टीवर, फुलीच दिसत नाही. डावीकडे लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन ठिपके असतात आणि माउसचा बाण जवळ नेल्यावरच त्यांत खुणा उमटतात. मी शब्द शोधत होतो तेवढ्यात तिनेच विचारले, "ही लाल टिकली दाबू का रे?" तेव्हापासून आमच्या घरात त्या बटणाचे नाव टिकली आहे.

ही बटणे डावीकडे असावीत की उजवीकडे, या प्रश्नावर शहाणीसुरती माणसे किती तावातावाने भांडू शकतात, हे २०१० मध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या बाबतीत दिसले. त्या एप्रिलमध्ये येऊ घातलेल्या १०.०४ या आवृत्तीत ती तिन्ही बटणे उजवीकडून उचलून डावीकडे नेण्यात आली. सुरुवातीच्या चाचणी आवृत्त्यांत तर बंद करण्याचे बटण कडेला नसून तिघांत सर्वांत आतल्या बाजूला होते, म्हणजे बाजू बदलली ती बदललीच, वर क्रमही ओळखीचा राहिला नाही. वापरणाऱ्यांनी कडाडून विरोध केल्यावर उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी उत्तर दिले की ही लोकशाही नव्हे, सूचना आणि माहिती जरूर द्या, पण रचनेचे निर्णय मतदानाने होत नाहीत. अंतिम आवृत्तीत क्रम सुधारला, बाजू मात्र डावीच राहिली, आणि पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये १७.१० या आवृत्तीबरोबर बटणे मुकाट्याने उजवीकडे परत आली. मधल्या साडेसात वर्षांत कित्येकांच्या हाताला डावे वळण लागलेले असणार, आणि त्यांना ते पुन्हा मोडावे लागले.

मला या भांडणात कधीच बाजू घेता आली नाही, कारण माझी तक्रार निराळीच आहे. एकदा मी एका लेखाचे मुद्रित तपासत बसलो होतो. विंडो पडद्याच्या अर्ध्याच भागात होती, ती पूर्ण पसरावी म्हणून मी चौकोनावर गेलो, आणि हात बोटभरसुद्धा नव्हे, नखभर पुढे सरकला. लगेच एक प्रश्न पडद्यावर आला. असल्या प्रश्नांना वाचण्याआधीच "नाही" म्हणण्याची मला जी सवय जडली आहे, तिने आपले काम चोख केले, आणि दोन तासांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या दुरुस्त्या गेल्या. चूक माझी होती हे कबूल. पण मीठ आणि साखर एकसारख्या डब्यांत शेजारीशेजारी ठेवणाऱ्या माणसाने दर वेळी चहा करणाऱ्यालाच बोल लावावा, हेही काही न्यायाचे नाही.

विशेष म्हणजे सुरुवातीला हे डबे लांब लांबच ठेवलेले होते. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये विंडो बंद करण्याचा लहानसा चौकोन टायटल बारच्या डाव्या टोकाला होता, आणि विंडो मोठी करण्याची सोय पुढे आली तेव्हा तिचा चौकोन उजव्या टोकाला बसवला गेला. विंडोज ३.१ मध्येही उजवीकडे वर आणि खाली टोक असलेले दोनच बाण असत. बंद करायचे तर डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर दोनदा क्लिक करावे लागे. मग १९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आले आणि फुली उजव्या कोपऱ्यात, चौकोनाला खेटून बसली. मधे बारीकशी फट सोडलेली होती, म्हणजे कोणाच्या तरी मनात शंकेची पाल चुकचुकली असावी असे मला वाटत आले आहे. २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आले, त्यात तिन्ही ठिपके डावीकडे एका ओळीत मांडले गेले. उजव्याडाव्याचे भांडण ज्या दोन घराण्यांच्या नावाने चालते, त्या दोघांनीही मिठाशेजारी साखर ठेवलेली आहे.

यात पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची आठवण काढावी लागते. त्यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसे हातात धातूची कांडी धरून समोरच्या दोन पट्ट्यांवर आलटून पालटून टेकवत होती. पट्ट्या जितक्या अरुंद आणि एकमेकींपासून जितक्या दूर, तितका हाताला वेळ जास्त लागे. संगणकाच्या पडद्याला हा नियम लावला की एक गंमत दिसते. बाण कडेला जाऊन अडतो, त्याच्या पुढे जाऊच शकत नाही. त्यामुळे कोपऱ्यातले बटण नेम न धरता, माउस नुसता तिकडे ढकलला तरी सापडते. विंडो पडद्यावर पूर्ण पसरलेली असते तेव्हा ही सगळ्यांत सुलभ जागा आपण अशा बटणाला दिली आहे, ज्याच्या चुकीची किंमत तिघांत सर्वांत जास्त. कामे झटपट आवरणाऱ्याला ते सोयीचे आहे, आणि मीही दिवसातून पन्नास वेळा त्या सोयीचा लाभ घेतो.

बटणेच काढून टाकण्याचे प्रयोगही झाले. लिनक्सवर विंडो आणि पडद्याची मांडणी सांभाळणाऱ्या ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीने २०११ मध्ये फक्त फुली ठेवली, आणि विंडोज ८ च्या नव्या ढंगाच्या ॲप्समध्ये २०१२ साली तीही नव्हती. ॲप वरच्या कडेला धरून थेट खालपर्यंत ओढत न्यावे लागे. बोटाने ते जमे, माउसने ते विहिरीतून बादली काढण्याच्या उलट काम वाटे. २०१४ च्या सुधारणेत त्या ॲप्सना फुली मिळाली.

शेवटी मी घरच्या लिनक्सवर स्वतःच उपाय केला. ग्नोममध्ये बटणांची मांडणी एका छोट्या ओळीत लिहिलेली असते: तीत एक कोलन असतो, कोलनच्या आधीची नावे डावीकडे आणि नंतरची उजवीकडे जातात. मी "क्लोज" कोलनच्या अलीकडे आणून ठेवले, बाकीची दोन पलीकडेच राहू दिली. पहिला आठवडाभर माझा हात फुलीच्या आशेने उजव्या कोपऱ्यात जात राहिला आणि विंडो बंद होण्याऐवजी लहानमोठी होत राहिली. चिडचिड झाली, पण एकही दुरुस्ती गेली नाही. मग मावशी राहायला आली, सोसायटीचा हिशोब बघायला माझ्या संगणकासमोर बसली, आणि मी स्वयंपाकघरात असताना तिची हाक आली, "अरे, तुझी फुली टिकलीच्या जागी कोणी नेऊन ठेवली?"