‘पण कारभार नवराच बघतो ना?’

ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायांबरोबर काम करते असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘पण कारभार तर नवराच बघतो ना? मग आरक्षणाचा उपयोग काय?’ लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, मोठमोठे साहेबलोक हसत हसत विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं नीट सांगते.

हो, बघतो. सगळीकडे नाही, पण पुष्कळ गावांत बघतो. फलकावर नाव तिचं आणि खाली मोबाइल नंबर त्याचा. मासिक सभेचं प्रोसिडिंग बुक सहीसाठी घरी येतं, चुलीपुढेच सही होते. ‘सरपंचपती’ हा शब्द रुळला तो काही उगाच नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत हा विषय गेल्यावर केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं २०२३ मध्ये समिती नेमली, आणि असा परभारे कारभार सिद्ध झाला तर जबर दंड करावा असं त्या समितीनं सुचवलंही. मला त्या दंडाची भीती वाटते. तो वसूल कुणाकडून होणार? पद तिचं, सही तिची, कागदावर ती. म्हणजे नवऱ्याच्या कारभाराची शिक्षाही बहुधा तिच्याच पदरात पडणार.

पण ‘कारभार’ नेमका असतो कुठे, हे प्रश्न विचारणाऱ्याला सहसा माहीत नसतं. सभेतल्या खुर्चीत तो फारसा नसतो. आज तो असतो डोंगलमध्ये. वित्त आयोगाचा पैसा आता ऑनलाइन खर्ची पडतो, आणि त्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. त्या सहीची किल्ली म्हणजे पेन ड्राइव्हसारखं ते छोटं यंत्र. पूर्वी निदान चेकबुक तरी घरी यायचं. सही करताना रकमेवर नजर पडायची, ‘हे कशाचे?’ असं तोंडून निघायचं. आता डोंगल पंचायतीतल्या संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन एका चिठ्ठीवर, अशी सोय असते. सरपंचबाईंची सही होऊन जाते, त्या शेतात असतात. नवऱ्यालासुद्धा ठाऊक नसतं, एवढा कारभार परस्पर उरकलेला असतो. म्हणून प्रशिक्षणात मी अधिकार-कर्तव्यांच्या यादीपासून सुरुवात करत नाही. पहिला प्रश्न असतो, ‘बाई, तुमचं डोंगल कुठंय?’

एकीनं हा प्रश्न मनावर घेतला. गावी गेली, ऑपरेटरकडून डोंगल मागून घेतलं आणि कनवटीच्या बटव्यात ठेवलं. भाषण नाही, भांडण नाही. काही दिवस कुणी काही बोललंच नाही. मग गटाराच्या कामाचा ठेकेदार बिल घेऊन थेट तिच्या दारात आला, कारण पैसे अडले होते. आता त्याला तिला सांगणं भाग पडलं, की गटार कुठलं, लांबी किती, मोजमाप कुणी केलं. ती त्याच्याबरोबर गटार बघायला गेली. वाटेत आणखी दोघी-तिघी सामील झाल्या, कारण त्यांच्याच दारातलं पाणी तुंबत होतं. बिल नंतर निघालं, पण कमी रकमेचं. नवरा म्हणाल तर तो रागावला नाही, गोंधळला. आपण कशाकशावर सह्या करायला लावत होतो हे त्यालाही त्याच दिवशी कळलं, असं ती हसून सांगते.

आणि नवऱ्यावरच सगळं खापर फोडणं मला पटत नाही. सरपंचबाई विधवा असेल, एकटी असेल, तर ती सुटते का? तिथे पॅनेलप्रमुख असतो, उपसरपंच असतो, नाहीतर ‘तुम्ही फक्त सही करा ताई, बाकी मी बघतो’ म्हणणारा अधिकारी असतो. कितीतरी पुरुष सरपंचही कुणा पुढाऱ्याच्या शब्दाबाहेर नसतात. त्यांना मात्र कारभार कोण बघतं असं कुणी विचारत नाही.

बाई स्वतः कारभार बघायला लागली की काय होतं तेही पाहा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाईंविरुद्ध तक्रार झाली, की त्या सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात. आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असं त्या सांगत राहिल्या. तरी जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी ते कायम केलं, उच्च न्यायालयात याचिका तांत्रिक मुद्द्यावर फेटाळली गेली. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं पद परत दिलं. निकालात स्पष्ट म्हटलंय की बाई सरपंच झाली हेच गावातल्या काहींना सहन झालं नव्हतं. गावच्या सरपंचपदासाठी दिल्लीपर्यंत जाणं किती जणींना झेपेल? बाकीच्या मुकाट घरी बसतात, आणि आपण म्हणतो, बायांना राजकारणात रस नसतो. तिसरं मूल झालं की सदस्यत्व जातं, तो नियमही असाच. मूल किती हे ठरवण्यात जिचं फारसं चालत नाही, तिचंच पद जातं.

आता ‘उपयोग काय’ याकडे येते. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींत बायांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पंचायतींचा अभ्यास केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. जिथे प्रधानपद (तिकडचं सरपंचपद) बायांसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं, म्हणजे गावातल्या बाया जे मागत होत्या त्यावर. त्याच जिल्ह्यातला पुढचा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्यांदा बाई प्रधान झाली तेव्हा गावकऱ्यांनी तिला पुरुषांपेक्षा कमी गुण दिले. दुसऱ्यांदा बाईच प्रधान आली तेव्हा हा दुजाभाव जवळजवळ गेला. आणि खुल्या जागांवर बाया जास्त संख्येनं उभ्या राहून निवडून येऊ लागल्या त्या पहिल्या नव्हे, तर दुसऱ्या खेपेनंतर.

आपल्याकडे घोडं इथेच पेंड खातं. आरक्षण फिरतं असतं. तहसीलला सोडत निघते, चिठ्ठी उघडते आणि पाच वर्षांत जी बाई जमाखर्च वाचायला, आराखड्यातलं काम हेरायला, बीडीओसमोर, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यासमोर, बसून बोलायला शिकली, तिची जागा ‘सर्वसाधारण’ होते. सर्वसाधारण म्हणजे पुरुषांची, हे गावानं मनोमन ठरवून टाकलंय. कायद्यात तसं कुठंही नाही. तीच बाई पुन्हा उभी राहायला निघाली तर घरचेच म्हणतात, ‘आता कशाला, जागा बायांची नाही ना.’ मग पुढच्या वेळी नवी बाई येते, पुन्हा अ आ इ पासून सुरुवात. म्हणून मला नवऱ्यापेक्षा ही सोडत जास्त नडते. कारभार शिकायला पुरुषांना पिढ्या मिळाल्या, बाईला एक मुदत मिळते आणि पहिल्याच वर्षी तिची परीक्षा घेतली जाते.

दुसऱ्यांदा उभ्या राहतात त्या कोण, हे मी बघत आले आहे. जिच्यामागे आधीपासून बायांचा जथा असतो, ती. बचत गट चालवलेली, किंवा दारूबंदीच्या मतदानात राबलेली. ते मतदान म्हणजे मोठी शाळा आहे. त्यात आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे दुकान चालू. दुकान बंद व्हायचं तर आडव्या बाटलीला मतदार यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात; फक्त झालेल्या मतांच्या नव्हे. घरी राहिलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. त्यामुळे घरोघर फिरावं लागतं, यादी तपासावी लागते, माहेरी गेलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या बायांना परत आणायची सोय करावी लागते. ज्यांनी हे केलंय त्यांना निवडणूक कुणी शिकवावी लागत नाही.

आरक्षणाच्या आधीही हे घडलंय. पुणे जिल्ह्यात निंबूतला १९६३ मध्येच संपूर्ण महिलांची पंचायत होती. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, बायांनी पंचायतीत उतरायची भाषा केली, आणि १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला सगळ्या बायांचं पॅनेल निवडून आलं. तिथे पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत पुरुषांनी बायकांच्या नावावर जमिनी करून दिल्या. या बायांना राखीव जागेचा आधार नव्हता, पण एकमेकींचा होता. राखीव जागेवर एकटीच बाई उभी केली आणि बाकी पॅनेल पुरुषांचं असलं, तर ती कुणाकडे बघून बोलणार?

कायद्यातली एक जागा मात्र आपण फुकट घालवतो. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, आणि तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे ठेवायचं असतं. बहुतेक गावांत ती वहीतच उरकली जाते. जिथे खरोखर भरते तिथल्या बाया ग्रामसभेला गटानं येतात, आणि मग माइक कुणाच्या हातात द्यायचा हे नवरा ठरवू शकत नाही.

डोंगलवाल्या बाईंची जागा पुढच्या सोडतीत खुली झाली. तरीही त्यांनी अर्ज भरला आणि थोड्या मतांनी पडल्या. आता त्या ग्रामसभेला जातात आणि जमाखर्च वाचून दाखवा म्हणतात. नवे सरपंच आधी टाळायचे, हल्ली कागद घेऊनच येतात.